मदत हवी आहे: कांदाचाळीच्या मॉडेलमध्ये पंखा चालूनही तळाचा कांदा ओला होतो (बीई मेकॅनिकल, नाशिक)

बीई_मेक_गंगापूररोड

नमस्कार मंडळी. आम्ही चौघे बीई मेकॅनिकलला आहोत (पुणे विद्यापीठ). प्रोजेक्ट आहे कांदाचाळीसाठी आपोआप चालू-बंद होणारी हवा खेळवण्याची यंत्रणा. ऑगस्ट चालू आहे, चाळीतला उन्हाळ कांदा सहज मिळाला, म्हणून चाचण्या आत्ताच सुरू केल्या. सध्याची मांडणी अशी:

प्लायवूडची पेटी, तळ ४ फूट × ३ फूट, कांद्याचा थर पावणेतीन फूट, साधारण ५०० किलो. तळाला बांबूच्या पट्ट्या, त्यांच्याखाली ६ इंच मोकळी जागा. आधी या जागेत १२ व्होल्टचे १२० मिमीचे दोन कॉम्प्युटरचे पंखे लावले होते, पण वर हात धरला तर हवा जाणवत नव्हती. आता २३० व्होल्टचा ९ इंची एक्झॉस्ट फॅन ११० मिमीच्या पीव्हीसी पाइपला जोडून आत हवा ढकलतो आहोत.

कंट्रोलर ईएसपी३२. आत एक आणि बाहेर एक डीएचटी२२ (तापमान-आर्द्रतेचा सेन्सर), शिवाय सडका कांदा ओळखायला एमक्यू-१३५ (वायूचा सेन्सर). लॉजिक सोपं ठेवलं: बाहेरची आर्द्रता आतल्यापेक्षा कमी असेल तर पंखा चालू, नाहीतर बंद.

अडचणी:
१. पंखा दुपारी चालतो, रात्री जवळजवळ चालतच नाही. दुपारी चालल्यावर तळाच्या थरातला कांदा हाताला दमट लागतो, पत्तीवर (बाहेरच्या सालीवर) काजळी, म्हणजे काळी बुरशी दिसू लागली आहे.
२. पंखा बंद होताना ईएसपी३२ रीस्टार्ट होतो. दर वेळी नाही, पण दिवसातून पाच-सहा वेळा.
३. एमक्यू-१३५ चे आकडे सकाळी एक, संध्याकाळी दुसरेच. गाइड म्हणतात पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग) दाखवा.

नमुना रीडिंग. दुपारी २: बाहेर २९ अंश, ८० टक्के, तळाचा थर २५ अंश, आत ८६ टक्के. रात्री १: बाहेर २१ अंश, ९२ टक्के, सगळ्यात थंड थर २७ अंश, आतली हवा २८ अंश, ७० टक्के.

निफाड_चाळ

पहिली अडचण लॉजिकची आहे, पंख्याची नाही. सापेक्ष आर्द्रतेचे दोन आकडे वेगवेगळ्या तापमानाचे असतील तर त्यांची थेट तुलना करता येत नाही. तुमचंच रीडिंग घ्या. रात्री बाहेर ९२ टक्के दिसतंय, पण २१ अंशाच्या त्या हवेत घनमीटरला साधारण १७ ग्रॅम वाफ आहे. आत ७० टक्के दिसतंय, पण २८ अंशाला ती १९ ग्रॅम होते. म्हणजे बाहेरची हवा खरं तर कोरडी आहे. तुमचा पंखा नेमका तेव्हा बंद.

दुपारी उलटं. २९ अंश, ८० टक्के हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला वाफेचं पाणी होऊ लागतं) २५ अंशांच्या थोडा वर येतो आणि तुमचा तळाचा कांदा आहे २५ वर. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम सुटतो तसाच तुमच्या कांद्याला सुटतोय आणि ते पाणी तुमचा पंखाच आणून देतोय. काजळीची बुरशी अशाच ओल्या पत्तीवर वाढते.

लॉजिक असं करा. बाहेरच्या हवेतल्या वाफेचा दाब काढा, त्याला कांद्याच्या तापमानाच्या संपृक्त दाबाने (त्या तापमानाला वाफेचा जास्तीत जास्त दाब) भागा. म्हणजे ही हवा कांद्याजवळ पोचल्यावर तिची आर्द्रता किती होईल ते कळतं.

संपृक्त दाब (हेक्टोपास्कल) = ६.११२ × ई चा घात [१७.६७ × त ÷ (त + २४३.५)], त म्हणजे सेल्सिअस तापमान, ई म्हणजे २.७१८.

तुमची रात्र: २१ अंशाला २४.९, त्याचे ९२ टक्के म्हणजे २२.९. कांदा २७ अंशाला ३५.७. भागाकार ६४ टक्के. पंखा चालवा.
तुमची दुपार: ४०.१ चे ८० टक्के म्हणजे ३२. कांदा २५ अंशाला ३१.७. भागाकार १०१ टक्के. पंखा बंद.

६५ च्या खाली चालू आणि ७० च्या वर बंद, अशी मधे फट ठेवा. रात्री कांदा थंड होत साडेपंचवीसच्या आसपास आला की पंखा आपोआप थांबेल, कारण त्यापुढे तीच हवा त्याच्यासाठी दमट ठरते. खालची मर्यादा ४५ ठेवा. त्याहून कोरडी हवा सतत मारली तर वजन घटतं, पत्ती सुटते आणि पत्ती गेलेल्या कांद्याला बाजारात भाव पडतो. आणखी एक अट: बाहेरचं तापमान ढिगातल्या सगळ्यात गरम थरापेक्षा जास्त असेल तर पंखा बंदच. किमान चालू वेळ १५ मिनिटं, किमान बंद १० मिनिटं.

कांद्याच्या तापमानासाठी डीएस१८बी२० चे वॉटरप्रूफ प्रोब घ्या: तळाला दोन, मध्यात दोन, वर एक. वरच्या सूत्रात सगळ्यात थंड प्रोबचं तापमान घालायचं, सरासरी नाही. घाम सगळ्यात थंड कांद्यालाच सुटतो.

सातपूर_पॅनेल

दुसऱ्या अडचणीबद्दल. पंखा *बंद* होताना रीसेट होतोय म्हणजे मोटरच्या कॉइलमधला झटका. रिलेचा (पंखा चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचचा) संपर्क तुटताना ठिणगी पडते आणि तो गोंगाट तुमच्या ५ व्होल्ट लाइनवर येतो. या क्रमाने करा:

रिलेच्या संपर्काला समांतर स्नबर (ठिणगी शमवणारी जोडणी): १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड एकसर. कपॅसिटर एक्स२ दर्जाचा, २७५ व्होल्ट एसीचाच हवा. साधा सिरॅमिक लावू नका, तो फुटतो.

रिले मॉड्यूलवर जेडी-व्हीसीसीचा (कॉइलच्या पुरवठ्याच्या पिनचा) जंपर असेल तर काढा आणि रिलेच्या कॉइलला वेगळा ५ व्होल्ट पुरवठा द्या. जंपर तसाच ठेवला तर मॉड्यूलवरच्या ऑप्टोकप्लरचा (दोन सर्किट प्रकाशाने अलग ठेवणाऱ्या भागाचा) उपयोग शून्य. व्हीसीसी ३.३ व्होल्टला जोडा. ५ व्होल्टला जोडलं तर ईएसपी३२ ची ३.३ ची पिन रिले धड सोडत नाही, तो अर्धवट धरून राहतो.

रिलेसाठी जीपीआयओ (कंट्रोलरच्या पिना) ०, २, १२, १५ वापरू नका, बूट होताना या पिना वाचल्या जातात. २५, २६, २७, ३२, ३३ यांतली कुठलीही चालेल. ईएसपी३२ च्या ५ व्होल्ट पिनजवळ ४७० मायक्रोफॅरड. २३० व्होल्टच्या तारा आणि सेन्सरच्या तारा एका केसिंगमधून नेऊ नका.

आणि लाकडी पेटी, दमट हवा, शेजारी उभी पोरं: ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) लावल्याशिवाय आणि पंख्याच्या बॉडीला अर्थिंग दिल्याशिवाय चालू करू नका. यात तडजोड नाही.

डीएस१८बी२० ला डेटा लाइन आणि ३.३ व्होल्टमध्ये ४.७ किलोओहम, पाचही प्रोबना मिळून एकच. रीडिंग ८५ आलं तर रूपांतर पूर्ण व्हायच्या आत वाचलंय (१२ बिटला ७५० मिलिसेकंद लागतात) किंवा प्रोबचा पुरवठा तुटून परत आलाय. उणे १२७ आलं तर तार निघालीय. हे दोन्ही आकडे कोडमध्येच गाळा, नाहीतर उणे १२७ ला "सगळ्यात थंड कांदा" समजून पंखा कायमचा बंद पडेल.

हवा_आणि_दाब

हवेचं गणित राहिलंय. ओल्या मानेचा कांदा वाळवायला टनामागे तासाला ४२५ घनमीटर हा आकडा युरोपात वापरतात. तुमचा कांदा आधीच वाळलेला आहे, म्हणून ही कमाल धरा. ५०० किलोला सुमारे २१२ घनमीटर. एवढी हवा ११० मिमीच्या पाइपमधून नेली तर वेग सेकंदाला ७ मीटरच्या घरात जातो आणि एक्झॉस्ट फॅन तिथेच दम टाकतो, कारण पात्यांचा पंखा मोकळ्या हवेत भरपूर देतो पण दाबापुढे मागे सरकतो. १६० मिमीच्या पाइपमध्ये तोच वेग सव्वातीन मीटर होतो. पंख्याच्या जागी छोटा सेंट्रिफ्यूगल ब्लोअर घ्या. विकत घेताना फक्त "किती हवा" विचारू नका, "१० मिमी पाण्याच्या दाबाला किती हवा" असं विचारा.

हवा कांद्यातूनच जातेय का, हे आधी बघा. पंखा लावून वरच्या पृष्ठभागावर उदबत्ती फिरवा. बहुतेक वेळा धूर पेटीच्या चारही कडांना जोरात वर उडेल आणि मधे स्थिर राहील. भिंतीलगत कांदा नीट बसत नाही, तिथे पोकळ्या मोठ्या राहतात आणि हवा सोपी वाट धरते. उपाय: तळाच्या पट्ट्यांवर चारही बाजूंनी ४ इंच पत्रा किंवा जाड प्लास्टिक टाकून हवा बंद करा, भिंतीला आतून बारदान लावा. कोपऱ्यातल्या फटी सिलिकॉनने भरा.

दाब मोजायला महागडं काही नको. पारदर्शक नळी, रंगवलेलं पाणी, आणि नळी १० ला १ उतारावर पाटीला चिकटवा. दाबाचा एक मिमी नळीवर एक सेंटिमीटर दिसतो. तळाच्या पोकळीत दाब शून्याजवळ असेल तर गळती आहे. दर आठवड्याला चढत असेल तर पट्ट्यांमधल्या फटी सालीने आणि मातीने बुजताहेत. पाइपमधला प्रवाह: मधोमध ॲनिमोमीटर (हवेचा वेग मोजणारं यंत्र) धरून येईल तो वेग × ०.८ × पाइपचं क्षेत्रफळ.

निफाड_चाळ

एक मोठी गोष्ट सुटतेय. परीक्षक पहिलाच प्रश्न विचारतील, "कशापेक्षा चांगलं?" पंखा नसलेली जोडीची पेटी हवीच. नवी बनवायची गरज नाही. आहे तीच मधोमध २५ मिमी थर्माकोल दोन्ही बाजूंनी प्लायमध्ये बसवून विभागा, तळाच्या पोकळीसकट. एका बाजूला पंखा, दुसरी बाजू खालून-वरून उघडी, चाळीसारखी.

भरण्याआधी दोन्हीकडचा कांदा सारखा निवडा: गोल्टी (बारीक कांदा), जोड, डेंगळे (फुलाचा दांडा आलेले) आणि जाड मानेचा बाहेर. हे मिसळलं तर निकाल पंख्याचा की निवडीचा, कळणार नाही. जाळीच्या पिशव्यांत ५-५ किलो भरून, बिल्ले लावून, प्रत्येक बाजूला तळ-मध्य-वर तीन-तीन ठेवा. दर सात दिवसांनी वजन. घट, सड आणि कोंब हे तीन रकाने वेगळे. सडका निघाला की वजन लिहून बाहेर.

हवा_आणि_दाब

विभागणार असाल तर माझा वरचा हिशेब बदलतो. २५० किलोला १०६ घनमीटर, म्हणजे ११० मिमीच्या पाइपात साडेतीन मीटर वेग. आहे तोच पाइप ठेवा, फक्त ब्लोअर बदला.

सातपूर_पॅनेल

एमक्यू-१३५: पीपीएम लिहू नका. हा सेन्सर अमोनिया, अल्कोहोल, धूर सगळ्यालाच प्रतिसाद देतो, शिवाय तापमान आणि आर्द्रतेने सरकतो. तुमचे सकाळ-संध्याकाळचे आकडे त्यामुळेच हलतात. हीटर ५ व्होल्टवर दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास घेतो, त्याला वेगळा पुरवठा द्या आणि पहिले २४ तास नुसता तापू द्या. ॲनालॉग आउटपुट ५ व्होल्टपर्यंत जातं, म्हणून विभाजक (दोन रेझिस्टरचा व्होल्टेज डिव्हायडर) लावून ३.३ च्या आत आणा. जीपीआयओ ३२ ते ३९ मधलीच पिन घ्या, दुसऱ्या गटातल्या पिना वायफाय चालू असताना ॲनालॉग वाचत नाहीत. पंखा अर्धा तास बंद ठेवून, रोज एकाच वेळी वाचा आणि पहिल्या दिवसाशी गुणोत्तर दाखवा. गाइडना हे कारण सांगितलं तर ते ऐकतील.

डीएचटी२२ बाहेर ९० टक्क्यांच्या वर सतत राहिला की सरकतो. बाहेर एसएचटी३१ (तापमान-आर्द्रतेचा दुसरा सेन्सर) लावा, पांढऱ्या प्लास्टिकच्या चार-पाच बशा एकावर एक रचून त्याखाली, म्हणजे ऊन-पाऊस लागत नाही.

बीई_मेक_गंगापूररोड

सर्वांचे मनापासून आभार. उदबत्ती फिरवली, धूर अगदी कडेनेच उडाला. पत्रा आणि बारदान आज लावतोय, स्नबर लावल्यापासून रीसेट नाही. दोन शंका: एसएचटी३१ बरोबर दाखवतोय हे कसं तपासायचं? आणि फायनल व्हायवा मे महिन्यात, तेव्हा नाशिकची हवा कोरडीठाक. लॉजिक दाखवायचं कसं?

निफाड_चाळ

तपासणी: बाटलीच्या झाकणात खायचं मीठ, वर थेंबथेंब पाणी, ओल्या वाळूइतकं, पाणी साचता कामा नये. हे झाकण आणि सेन्सर बरणीत घालून तोंड टेपने बंद करा, सेन्सरला मीठ लागू देऊ नका. आठ-दहा तासांनी ७५ टक्के दिसलं पाहिजे. फरक असेल तेवढा कोडमध्ये वजा-बेरीज करा. हे दर महिन्याला.

मे महिन्यात घरगुती कूलर आणा. ३८ अंश आणि २० टक्क्यांची हवा कूलरमधून साधारण २४ अंश, ८० टक्के होऊन निघते. पावसाळी रात्रीच्या जवळची. बाहेरचा सेन्सर आणि ब्लोअरचं तोंड कूलरसमोर ठेवा. कांदा ३२ अंशांवर असेल तर भागाकार ५० येतो, पंखा चालू होईल. जुनं लॉजिक शेजारी दुसऱ्या स्क्रीनवर चालवा, ते ८० टक्के बघून बंद राहील. कूलर बंद केला की बाहेर ३८ अंश, कांद्यापेक्षा गरम, पंखा बंद. शेवटी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल सेन्सरजवळ धरा, चिकटवू नका. भागाकार शंभरच्या वर जाऊन पंखा बंदच राहिला पाहिजे. किमान वेळेची अट तेवढ्यापुरती एका मिनिटावर आणा, नाहीतर परीक्षक पंधरा मिनिटं थांबणार नाहीत. सप्टेंबर अखेरपर्यंतचा खरा डेटा मात्र आत्ताच मेमरी कार्डावर साठवा, डीएस३२३१ घड्याळ लावून. वायफाय गेलं की नुसत्या ऑनलाइन नोंदीत रात्रीच्या रात्री गायब होतात.