आईचं हिमोग्लोबिन कमी, बाबांचं जास्त, टॉनिक दोघांनी घेतलं तर चालेल का?

डिचोलीची_लेक
नमस्कार, गेल्या आठवड्यात घरी सगळ्यांचं सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करून घेतलं. आई 47 वर्षांची, तिचं एचबी (हिमोग्लोबिन) 9.4, पीसीव्ही 30.2, एमसीव्ही 68. बाबा 55, त्यांचं एचबी 17.9 नि पीसीव्ही 54, दोन्हींपुढे वरचा बाण. शेजारच्या काकी म्हणतात बाबांचं रक्त एकदम भारी आहे, त्यांची काळजी नको, आईला तेवढं टॉनिक द्या. टॉनिक आणलं तर आई बाबांनाही रोज दोन चमचे देते, शक्ती येते म्हणून. चालेल ना? आणि हे पीसीव्ही म्हणजे काय? आई जिना चढली की धापा टाकते, आम्ही आपलं वयामुळे असेल म्हणून सोडून दिलेलं, आता फार वाईट वाटतंय.

लॅबवाली_म्हापसा
आधी बाबांचं टॉनिक आजच थांबव गं. त्यात लोह असतं आणि त्यांना लोह कमी आहे असं कुठेच दिसत नाही.

पीसीव्ही म्हणजेच हिमॅटोक्रिट, एकूण रक्तात लाल पेशींनी किती टक्के जागा घेतलीय ते. साधारण एचबीच्या तिप्पट येतं, 9.4 ला 30 म्हणजे आकडे जुळतायत, रिपोर्ट चुकलेला वाटत नाही. बायकांना 12 च्या खाली एचबी म्हणजे अ‍ॅनिमिया. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो एमसीव्ही, म्हणजे पेशीचा आकार, तो 80 ते 100 हवा आणि आईचा 68 आहे, पेशी लहान झाल्यात. बहुतेक वेळा हे लोह कमी पडल्याने होतं, म्हणून फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची टेस्ट, करायला सांगा. ते नॉर्मल आलं तर थॅलेसेमिया मायनर (रक्ताचा सौम्य आनुवंशिक दोष) आहे का ते बघतात, एचबीए2 ची टेस्ट असते. तसं असेल तर लोह पाजून काही होत नाही, उगाच वर्षानुवर्षं घेत बसतात लोक.

बाबा विडी सिगारेट ओढतात का? झोपेत खूप घोरतात का? दोन्हींत शरीराला ऑक्सिजन कमी पडतो मग ते लाल पेशी जास्त बनवतं. उन्हातून घामाघूम येऊन पाणी न पिता रक्त दिलं तरी आकडा चढतो. नीट पाणी पिऊन परत टेस्ट करा, तरी तेवढंच आलं तर डॉक्टर जॅक2 नावाची तपासणी सांगतील, हाडांतली मज्जाच जास्त पेशी बनवतेय का ते बघायला. रक्त दाट झालं की गुठळी व्हायची भीती असते, त्यामुळे 'भारी रक्त' वगैरे ऐकू नका प्लीज.

सत्तरीकर
ताई, आईला एकदा बाजूला घेऊन पाळीबद्दल विचारा. माझ्या आईचं एचबी 8 वर होतं, दोन वर्षं नुसत्या गोळ्या, वाढायचं नि परत उतरायचं. पाळीत किती रक्त जातं हे तिने लाजेने कुणालाच सांगितलं नव्हतं आणि तिला कुणी विचारलंही नाही. शेवटी सोनोग्राफीत गर्भाशयात गाठी निघाल्या. लोह का कमी झालं ते शोधायलाच हवं. मूळव्याध असेल, किंवा गुडघेदुखीच्या गोळ्यांनी पोटात होणारा रक्तस्राव, हेही असू शकतं, बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात मेडिसिन ओपीडीत दाखवलंत तर सगळं एकत्र बघतील.

लॅबवाली_म्हापसा
सत्तरीकर अगदी खरं. गोळ्या चालू झाल्या की शौच काळी होते, घाबरू नका, पण गोळी न घेता डांबरासारखी काळी झाली तर लगेच जायचं. एचबी नॉर्मल झालं तरी साठा भरायला अजून तीनेक महिने गोळ्या लागतात, लोक मधेच सोडतात.

पेडण्याची_मावशी
आणि चहा गो! जेवणावर लगेच चहा नको, तास दीड तास जाऊ दे, चहाने लोह अंगी लागत नाही. तिसऱ्या, शिनाण्यो असले शिंपले खात असाल तर उत्तम, त्यातलं लोह पटकन मिळतं. तांबडी भाजी, अळसांदे (चवळी) यांच्यावर लिंबू पिळायचं. पण 9.4 नुसत्या जेवणाने भरून येणार नाही हां, औषध लागेलच.

डिचोलीची_लेक
खूप आभार सगळ्यांचे. आईला काल रात्री विचारलं, आधी काही नाही म्हणाली, मग म्हणाली वर्षभर दर महिन्याला आठ आठ दिवस जातंय. बाबा दिवसाला एक बंडल विडी ओढतात, घोरतात तर शेजारी ऐकू येईल इतके. सोमवारी दोघांनाही घेऊन जातेय, फेरिटिनचा रिपोर्ट आला की इथेच टाकते.