रांगोळी काढणाऱ्या पोराला 'बायल्या' म्हणायलेत, भावाला कसं समजावू?

अंबाजोगाईकर:
पुतण्या सातवीत आहे. लेकराचा रांगोळीत हात लै चांगला, भाकरी बी थापतो. शाळेत पोरं बायल्या म्हणून चिडवायलेत, ते एक वेळ सोडा, पण भाऊ म्हणजे त्याचा बापच म्हणतो हे बंद कर, उद्या तुला पोरगी कोण देईल. आता हेच सगळं घर नवरात्रात तुळजापूरला जातं आणि तिथं साडी नेसून, परडी घेऊन देवीची सेवा करणाऱ्या पुरुष आराध्याच्या पाया पडतं. तिथं देवीचं रूप अन घरी लाज, हे कसं काय?

धाराशिवची लेक:
दादा, आमचे मामाच आराधी आहेत म्हणून सांगते, तो मान हातात परडी असेपर्यंतच. नवरात्रात लोक लेकरं त्यांच्या पायावर घालतात, आणि तेच मामा लातूरला भाड्यानं खोली बघायला गेले तर तीन घरमालकांनी दारातूनच परत पाठवलं. २०१४ च्या एप्रिलात सुप्रीम कोर्टानं तृतीयपंथी ही ओळख मान्य केली, पण घरमालकाला त्याचं काय. म्हणून भावाला आराध्याचं उदाहरण देऊ नका, तो म्हणेल मग ह्याला बी देवीला सोडू का. लेकराला रांगोळी आवडते, बास. त्यावरून तो पुढं कोण होणार हे बापानं ठरवू नये अन आपण बी ठरवू नये.

फडावरचा:
माझे आईबाप ऊसतोडीला जायचे. नवराबायकोच्या जोडीला मिळून एक कोयता धरतात, उचल म्हणजे आगाऊ पैसे दोघांचे, पण मुकादम द्यायचा बापाच्या हातात. आई ऊस तोडायची, मोळ्या बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची आणि खोपीवर येऊन चूल बी तिनंच पेटवायची, तेव्हा कुणी म्हणलं नाही की हे गड्याचं काम आहे, बाईला कशाला. पण ती तापानं पडली अन बापानं दोन दिवस भाकरी केली तर शेजारच्या खोपीतले हसले. बायल्या ही शिवी का झाली सांगा? बाई असणंच कमीपणाचं धरलंय म्हणून. २०११ च्या जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या. भावाला हे विचारा.

गोदाकाठ:
भाऊ माळकरी असेल तर आमच्या गंगाखेडच्या जनाबाईची आठवण द्या. विठ्ठल जनीसंगं दळण दळतो, शेण्या वेचतो, पाणी भरतो, हे लहानपणापासून ऐकतोय आपण अन देवाला कुणी नावं ठेवली नाहीत. दिंडीत तर मिशीवाले म्हातारे बी एकमेकांना माउली म्हणून पाया पडतात, माउली म्हणजे आईच की.

अंबाजोगाईकर:
माळकरीच आहे, दरसाल वारीला जातो, जनाबाईचं पटंल त्याला. पण ताईचं वाचून ध्यानात आलं की लेकराला काय वाटायलंय हे मी अजून विचारलंच नाही. रविवारी गावी जायलोय, आधी त्याच्याजवळ बसतो, मग भावाकडं.