सह्यांची मोहीम: मराठीत तक्रार वाचणारी माणसं किती, सांगा

चप्पललाईन

रविवारी सकाळी दहाला कोल्हापुरात बिंदू चौकात टेबल मांडतोय. सोशल मीडिया कंपन्यांसाठी नीट कायदा व्हावा म्हणून सह्या गोळा करून खासदारांना देणार. पक्ष-मंडळ कुणाचं नाही, पाच-सहा दुकानदार आहोत.

दिवाळीच्या तोंडावर माझ्या दुकानाचं पेज कुणीतरी पळवलं. फोटो माझे, नाव माझं, पैसे भलत्याच खात्यावर. गिऱ्हाइकं दुकानात येऊन माझ्याशी भांडली. तक्रार केली, तर मशीनचं उत्तर: नियमभंग आढळला नाही. भाच्याकडून इंग्रजीत लिहून घेतली, तरी तेच. अकरा आठवडे. मंडईत काटा मारला तर वजनमापेवाला तरी येतो.

२०२१ च्या आयटी नियमांत २४ तासांत पोच, १५ दिवसांत निकाल असं लिहिलं होतं. पण तक्रार वाचणाऱ्याला मराठी येतं का? युरोपात २०२२ च्या डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टखाली बड्या कंपन्यांना मजकूर तपासायला कुठल्या भाषेची किती माणसं ठेवली ते जाहीर करावं लागतं, अगदी माल्टी भाषेचीसुद्धा. माल्टाची वस्ती सहा लाखांच्या आत. आपला एक जिल्हा २०११ लाच ३८ लाखांवर होता, आणि मराठी बोलणारे ८ कोटी ३० लाख.

मागण्या तीन. भाषावार माणसांचा आकडा द्या. तक्रार फेटाळली तर कारण मराठीत द्या. पोलिसांनी कळवलेली अफवेची पोस्ट तासाभरात काढा. फॉर्मवर नाव, मोबाईल नंबर, सही, एवढंच.

रंकाळाकाठ

पहिल्या दोन मागण्या पटल्या. तिसरी म्हणजे आपणच काठी आणून हातात द्यायची. आयटी कायद्यातलं कलम ६६अ विसरलात? २०१२ ला बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंद राहिली, त्यावर पालघरच्या एका मुलीनं फेसबुकवर लिहिलं, दुसरीनं नुसतं लाईक केलं. दोघींना अटक. ते कलम सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये रद्द केलं. अफवा कुठली आणि टीका कुठली हे ठाण्यात बसून तासाभरात कोण ठरवणार?

पंचगंगा४३

भावा, ७ जून २०२३ ला गावात होतास का? मोबाईलवरच्या स्टेटसवरनं शिवाजी चौकात दंगा झाला तो बघितलायस ना? तेव्हा तास काय, मिनिटं मोजत होतो आम्ही. २०१९ च्या पुरात तर आमच्या ग्रुपवर राधानगरीचा नववा दरवाजा उघडला होता. धरणाला स्वयंचलित दरवाजे सात! आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं रात्रभर सामान माळ्यावर चढवत बसली.

रंकाळाकाठ

होतो की. आणि त्यानंतर इंटरनेट बंद केलं तेही बघितलं. स्टेटस ठेवणारे चार, क्यूआर बंद पडला अख्ख्या गावाचा. सरकारच्या हातात बटण दिलं की ते असंच दाबलं जातं.

तुमचा नववा दरवाजा व्हॉट्सॲपवर उघडला. तिथला मेसेज कंपनीलाच वाचता येत नाही, काढणार काय? वाचता यावा म्हणाल, तर वहिनींना पाठवलेलाही वाचतील. २०१८ ला धुळ्याकडं राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच जणांना ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात फॉरवर्ड पाच चॅटपुरता आणला. कुणाचा मेसेज न वाचता वेग कमी झाला. असलं काहीतरी मागा.

शिरोलीकोड

कायदा आला की बडे वकील लावतात, मरतो आमच्यासारखा ॲप बनवणारा. आणि कायदा हवाच कशाला? जून २०२५ ला प्राडानं मिलानमध्ये आपल्यासारखी चप्पल दाखवली, लोकांनी नेटवर बोंब ठोकली, कंपनीला भारतीय कारागिरीचं नाव घ्यावं लागलं. ते कुठल्या कलमानं झालं?

चप्पललाईन

प्राडाची बातमी जगभर झाली म्हणून ऐकलं. माझ्या पेजसाठी बोंब कोण मारणार? मीच मारत होतो, अकरा आठवडे.

तुमच्या ॲपचं म्हणाल, तर २०२१ च्या नियमांतली जादा बंधनं देशात ५० लाखांवर वापरकर्ते असलेल्यांनाच आहेत. तेवढे झाले तर पेढे द्या, मग बोलू.

रंकाळाकाठ, तिसरी मागणी कालपासून डोक्यात घोळतेय. तासाभराची सक्ती झाली तर कंपनी आधी काढेल, मग बघेलही नाही. उद्या माझं खरं पेजसुद्धा कुणाच्या खोट्या तक्रारीवर जाईल. ती खोडली. त्याजागी लिहिलं: गर्दीची अफवा पसरत असताना फॉरवर्डचा वेग कमी करा, मजकूर न वाचता.

पंचगंगा४३

मला नाही पटलं. वेग कमी म्हणजे नववा दरवाजा सकाळी उघडेल, एवढंच. पण सही करतो, पहिल्या दोन मागण्यांसाठी.

रंकाळाकाठ

मीही येतो. फक्त एक सांगा, खासदारांना द्यायच्या अर्जावर माझा मोबाईल नंबर कशाला? आणि ते फॉर्म नंतर कुणाच्या दुकानात पडून राहणार?

चप्पललाईन

छापून आलेत ओ पाचशे. काळा मार्कर घेऊन बसतो.