मेलबर्न: ट्राम लो-फ्लोअर आहे, तरी व्हीलचेअर का चढत नाही?

पश्चिमेचा_वारा:
आई पुढच्या महिन्यात मेलबर्नला येतेय, ती व्हीलचेअर वापरते. आमच्या मार्गावर लो-फ्लोअर ट्राम येते, पण थांबा म्हणजे फूटपाथवर नुसता खांब. ट्राम उभी राहते रस्त्याच्या मधोमध. चालकाकडे टाकायला फळी असते का? आणि असे थांबे सुधारायला एवढा वेळ का लागतो?

रूळवाला:
फळी नसते. इथल्या ट्रामना रॅम्प नाही आणि लिफ्टही नाही. गाडी लो-फ्लोअर हवी आणि थांबाही फलाटाचा हवा. दोन्हींपैकी एकच असेल तर उपयोग शून्य. लो-फ्लोअर म्हणजे रुळापासून साधारण ३० सेंमी उंच, त्यामुळे रस्त्यावरून ती चांगली उंच पायरीच होते. ए आणि बी वर्गाच्या जुन्या गाड्यांना दारातच पायऱ्या आहेत, तिथे फलाट असूनही भागत नाही. सी, डी, ई वर्ग चालतील.

ट्रामट्रॅकर अ‍ॅपमध्ये फक्त लो-फ्लोअर गाड्या बघता येतात. चढायचा थांबा बघताना उतरायचाही बघा, बहुतेकांची फसगत तिथेच होते. व्हिक्टोरियाच्या महालेखापरीक्षकांच्या २०२० च्या अहवालात हेच आहे: २०१८-१९ मध्ये जेमतेम १५ टक्के फेऱ्यांत लो-फ्लोअर गाडी आणि फलाटाचा थांबा यांची गाठ पडली. खरं तर नियमाप्रमाणे थांबे व्हीलचेअरला चालतील असे करायची मुदत २०२२ अखेर होती, गाड्यांची २०३२ अखेर.

एकास_चौदा:
उशिराचं कारण बरंचसं लांबीत आहे. फलाट साधारण २९ सेंमी उंच, रॅम्पचा उतार जास्तीत जास्त १:१४ (१ सेंमी उंचीला १४ सेंमी लांबी), म्हणजे एकेक रॅम्प चार मीटरच्या वर. ई वर्गाची गाडी ३३ मीटर. दोन्ही टोकांना रॅम्प धरले तर ४१ मीटर झाले, शिवाय वळायला सपाट जागा. एवढ्या पट्ट्यात कुणाचं मोटारीचं फाटक नको, पार्किंगही जाणार. मग जवळचे दोन थांबे मिळून एक करायचं ठरतं आणि भांडण सुरू.

रूळही सरळ हवा. वळणावर गाडीचा मधला भाग आतल्या बाजूला येतो, टोकं बाहेर जातात. मदतीशिवाय चढायचं तर आडवी फट ४० मिमी आणि उंचीतला फरक १२ मिमी, याहून जास्त चालत नाही. हे १२ मिमी सरळ रुळावरसुद्धा बघता बघता संपतात. चाकं झिजली, गर्दीने स्प्रिंगा दबल्या की गाडी खाली येते. झिजलेला रूळ बदलला की वर जाते. फलाट फ्लोअरच्या वर गेला तर बाहेर उघडणारं दार घासेल, म्हणून कड किंचित खालीच धरतात.

चेंबरचं_झाकण:
अरुंद बाजाररस्त्यात मधला फलाट मावतच नाही. तिथे फूटपाथ आणि रूळ यांमधली लेनच उचलतात, मोटारी त्या उंचवट्यावरून जातात. खरी डोकेदुखी पाण्याची. लेन उचलली की फूटपाथही थोडा उचलावा लागतो, आणि मग पाऊस थेट दुकानांच्या उंबऱ्याकडे वळतो. जाळीचं गटार घाला, चेंबरची झाकणं नव्या पातळीला आणा, असं काम वाढत जातं.

अशा थांब्यावर उंच लेनला फलाट समजून तिथे उभं राहू नका, तो रस्ता आहे. ट्राम थांबून मागच्या मोटारी थांबेपर्यंत फूटपाथवरच्या उठावदार ठिपक्यांच्या पट्टीमागे थांबायचं.

पश्चिमेचा_वारा:
आणि फट ओलांडताना?

रूळवाला:
तिरकं जाऊ नका. पुढची छोटी चाकं वळून फटीत बसतात. दाराशी काटकोनात या, ढकलणाऱ्याने पुढची चाकं जराशी उचलून आत टेकवायची. उतरताना पाठमोरं, मोठी चाकं आधी. ट्राम येताना चालकाला दिसाल असे उभे राहा, म्हणजे तो दार बंद करायची घाई करणार नाही. आत ठरलेल्या जागेत चाकांचे ब्रेक लावा.

तुमच्या खांबाच्या थांब्यावरून चढणं सोडूनच द्या. लो-फ्लोअर बसला रॅम्प असतो, चालक टाकून देतो. बसने जवळच्या फलाटाच्या थांब्यापर्यंत जा आणि तिथून ट्राम पकडा.