रोममध्ये फक्त सहा तास
रोममध्ये रविवारचे फक्त सहा तास हातात, आणि त्यात व्हॅटिकन म्युझियम पण आणि कलोसियम आतून पण बघायचं, असा जो तुमचा बेत ठरतोय ना तो काही जमणार नाही, अर्धा वेळ सिक्युरिटीच्या रांगेतच जाईल. व्हॅटिकन सरळ सोडून द्या, तसंही तुमचा रविवार आहे, महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर म्युझियम बंदच असतं. फ्युमिचिनो विमानतळाहून लिओनार्दो एक्सप्रेस ट्रेनने 32 मिनिटांत तेर्मिनी, म्हणजे रोमचं मुख्य रेल्वे स्टेशन, तिथे सामान ठेवा (दगडी रस्त्यांवर चाकाची बॅग ओढणं म्हणजे शिक्षा), मग मेट्रोच्या बी लाइनने फक्त दोन स्टेशनं, बाहेर पडलं की समोर कलोसियम. ते बाहेरूनच बघा आणि चालत कॅपिटोलिन टेकडीवर जा, मागच्या बाजूने अख्खं फोरम (प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष) फुकटात दिसतं, आणि खरं सांगू, आत भटकण्यापेक्षा वरूनच जास्त नीट कळतं. तिथून पँथिऑन हे प्राचीन रोमन मंदिर, चालतच. इथे मात्र घाई नको, जवळपास 1900 वर्षं जुना काँक्रीटचा घुमट, 43 मीटर रुंद, आत सळ्या वगैरे काही नाहीत आणि मधोमध चक्क उघडा, पाऊस आला तर सरळ आत पडतो. हल्ली तिकीट लागतं, आधीच ऑनलाइन काढून ठेवा. त्रेवी फाउंटन जवळच आहे पण गर्दी बघून ठरवा.