मदत हवी आहे: पद्मिनीचा मूळ क्रीम रंग कुठल्या नमुन्यावरून जुळवावा?
गाडी १९८२ ची प्रीमियर पद्मिनी. पत्राकाम झालं, इपॉक्सी प्रायमरही (रंगाखालचं अस्तर) मारला. आरसीवर नुसतं 'क्रीम' लिहिलंय, शेड तीच ठेवायची आहे.

मूळ थर दोनच जागी सापडला, दाराच्या पॅडमागे आणि डिकीत स्टेपनीखाली. तळहाताएवढे ते तुकडे टेप लावून राखलेत. २००० नंबरच्या पाणपेपरने हलकं घासून, पॉलिश करून रंग जुळवायच्या मशीनवर स्कॅन केले: दाराचा पिवळट, डिकीचा करडा. दोन्ही शेड पत्र्यावर मारून उन्हात धरल्या, फरक उघड दिसतो.

सिंगल स्टेज पीयूच (रंग आणि चमक एकाच थरात देणारा पॉलियुरेथेन रंग) मारायचा आहे, वरून मारायच्या पारदर्शक क्लिअर कोटची काचेसारखी चकाकी या गाडीला शोभत नाही. जुना एनॅमल रंग अंधारात पिवळा पडतो आणि उजेडात तो पिवळेपणा थोडा उतरतो. मग पुन्हा स्कॅन करण्याआधी दार किती दिवस उन्हात ठेवावं, की डिकीचाच नमुना धरावा?