टाटा २०७ डीआय, ३ लाख ४० हजार किमी: घाटात ओढ कमी पडते, टर्बो बसवावा का?

घाटमाथा
२००९ ची २०७ डीआय पिकअप आहे, बिनटर्बोची (म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा नाही). वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला खत-सिमेंट जातं, पासिंगइतकंच वजन. जिथे तिसऱ्यात चढायची तिथे आता दुसरा टाकावा लागतो, वर पोचेपर्यंत काळा धूर. महिन्याला लिटरभर ऑइल वर टाकावं लागतं. एक मिस्त्री म्हणतो पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवू, दुसरा म्हणतो टर्बो बसवू. बजेट साठ हजार.

नोझल-पंप
स्क्रूला हात लावू देऊ नका. काळा धूर म्हणजे डिझेल आत्ताच जास्त आणि हवा कमी. त्यात पाचगणी तेराशे मीटरवर, तिथे हवा बारा टक्क्यांच्या आसपास विरळ. बिनटर्बो इंजिनाची तेवढी ताकद वर जाताना आपोआप जातेच. आणखी डिझेल सोडलंत तर ओढ नावाला वाढेल, पण पिस्टनचा माथा तापून तडकेल, न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकेल. शिवाय पीयूसी. बीएस-४ आधीच्या डिझेलला मर्यादा ६५ एचएसयू (धुराच्या दाटपणाचं माप) आहे.

गेलेली ताकद कुठे गेली ते आधी शोधा. स्वस्तातलं पहिलं: एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, टॅपेट (व्हॉल्व्हची फट, इंजिन थंड असताना, मॅन्युअलच्या मापाने). पाच किमी चालवून चारही चाकांच्या ब्रेकला हात लावा. एखादा भाजत असेल तर ब्रेक धरतोय. चढावर आरपीएम वाढतो पण वेग नाही, असं असेल तर क्लचप्लेट. टायर मूळ मापापेक्षा मोठे टाकलेत का? घेर दहा टक्के वाढला की ओढ तेवढीच घटते, आणि लोक इंजिनला शिव्या देत बसतात.

मग चारही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) बेंचवर तपासा आणि पंपाचं टायमिंग, म्हणजे डिझेल सोडायची वेळ, बघा. नोझल काढलेलेच असतील तेव्हा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तोही मोजा: इंजिन गरम, बॅटरी भरलेली, डिझेल बंद, प्रत्येक सिलिंडरला सहा-आठ वेळा दाब येईपर्यंत स्टार्टर. आकडा २४ ते ३० बारमध्ये हवा, आणि चौघांत फरक तीनेक बारपेक्षा जास्त नको.

लायनर४९७
टर्बोबद्दल. टर्बोवाल्या इंजिनात फक्त टर्बो वेगळा नसतो: पिस्टन, पंप, नोझल, ऑइलची सोय, सगळंच त्या दाबासाठी बनवलेलं असतं. जुन्या रिंगांवर (पिस्टनभोवतीची कडी) टर्बोचा अर्धा बार जरी जादा दाब दिला तरी गॅस खालच्या ऑइलच्या टाकीत, सम्पमध्ये, उतरेल आणि ऑइल हवेच्या नळीतून, ब्रीदरमधून, बाहेर येईल. टर्बोची ऑइल परतीची नळी जाड आणि सरळ उताराची लागते. वाकडी-बारीक नळी टाकली की सील गळून निळा धूर सुरू. साठ हजारात हे सगळं नीट होत नाही. तेवढ्यात हेडचं (सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह असलेला भाग) काम, नोझल आणि पंप कॅलिब्रेशन करा.

पासिंगवाला
दुसरं इंजिन टाकायचा विचार असेल तर आरटीओची परवानगी आधी घ्या. मोटार वाहन कायदा, कलम ५२. इंजिन नंबर आरसीवर आणि विम्यावर बदलून घेतला नाही तर अपघातात दावा अडकतो.

घाटमाथा
कॉम्प्रेशन काढलं: २६, २५, १९, २५. तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घातलं तर २१ झालं. म्हणजे रिंगाच ना?

नोझल-पंप
नाही. तिथेच फसगत होते. पिस्टन वर असताना उरलेली जागा साधारण ४५ सीसी, तुमचं चमचाभर ऑइल ५ सीसी. जागा भरल्यानेच दाब दहा-पंधरा टक्के खोटा वाढतो. १९ चे २१ म्हणजे नुसतं तेवढंच. रिंगा गेल्या असत्या तर ऑइलने फट बुजून चांगलं २४-२५ ला गेलं असतं.

खात्रीसाठी तिसरा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा, नोझलच्या भोकातून पाचेक बार हवा सोडा. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड आणि कुणाचाही हात फॅनजवळ नको. हवेने इंजिन फिरतं. फुसफुस एअर फिल्टरमधून आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ऑइलच्या झाकणातून जोरात आली तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट.

दोष व्हॉल्व्हचा निघाला तर हेड खोलल्यावर गाइड (व्हॉल्व्ह ज्यात सरकतो ती नळी) आणि व्हॉल्व्ह सील आठही बदला. महिन्याचं लिटरभर ऑइल बहुधा तिथूनच जातंय.